हनीईटर ओळखायचे असतील तर आधी चेहरा बघा

आई मेलबर्नला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेता घेता खिडकीतून बघून म्हणाली, "अगं, इथे पण साळुंक्या आहेत की!" आणि खरंच ती आपली साळुंकीच होती, १८६०च्या दशकात मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खायला म्हणून मुद्दाम आणून सोडलेल्यांची वंशज. पण तिच्यापासून दोन हात लांब कुंपणावर दुसरा एक पक्षी बसला होता, तशीच पिवळी चोच, डोळ्यामागे तसाच पिवळा डाग, त्याला पण आई साळुंकीच म्हणाली, आणि तो मात्र साळुंकी नव्हता. तो नॉइझी मायनर, इथला अस्सल हनीईटर, म्हणजे फुलातला मध पिणाऱ्या इथल्या पक्ष्यांच्या कुटुंबातला. नावं सारखी ऐकू येतात (मायना आणि मायनर) आणि चेहरापण सारखा, त्यामुळे इथे आलेला जवळपास प्रत्येक मराठी माणूस पहिले काही महिने या दोघांना एकच समजतो. मी पण समजायचे.

आई तीन महिने राहिली आणि तेवढ्यात अंगणात येणारे सहा हनीईटर ती नावानिशी ओळखायला लागली, दुर्बिणीशिवाय. तिला ज्या क्रमाने शिकवलं तोच क्रम इथे लिहितेय. माझी जास्त माहिती मेलबर्नची आहे, सिडनी, ब्रिस्बेन, पर्थवाल्यांसाठी पुढे थोडं आहे.

आधी एक गैरसमज

आपल्याकडचा शिंजीर म्हणजे हनीईटर नाही. दोघं फुलातला मध पितात, दोघांची चोच बाकदार, पण घराणी पूर्ण वेगळी, एकसारखं काम करून करून एकसारखे दिसायला लागलेत इतकंच. हनीईटर हे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड, इंडोनेशियाचा पूर्व भाग आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरचं कुटुंब. एकूण साधारण १९० जाती, त्यातल्या ऑस्ट्रेलियात सुमारे ७५. भारतात एकही नाही. यांची खूण म्हणजे जीभ, टोकाला ब्रशसारखी फाटलेली असते, ती फुलात पटापट आतबाहेर करून मध टिपून घेतात. ती काही तुम्हाला लांबून दिसणार नाही, पण पक्षी फुलात चोच खुपसून दोन सेकंद थांबला आणि मग पुढच्या फुलाकडे गेला तर आत काय चाललंय ते कळतं. आणि मधावरच जगतात असं नाही बरं का, किडे भरपूर खातात, पानांवरच्या बारीक किड्यांनी बनवलेला गोड पापुद्रा असतो (इथे त्याला लर्प म्हणतात) तोपण खातात.

पक्ष्याआधी झाड बघायचं

पक्षी शोधत फिरू नका, फुललेलं झाड शोधा आणि तिथे वीस मिनिटं उभे राहा. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, बॉटलब्रश, निलगिरीचे शेकडो प्रकार, आणि हिवाळ्यात कोरिया नावाचं घंटीसारख्या फुलांचं झुडूप. यातली दोन-तीन तर आपण गावाकडे पाहिलेलीच असतात, बॉटलब्रश आपल्या बागांमध्ये असतो, निलगिरी तर सगळीकडे, आणि बांधावर लावतात तो सिल्व्हर ओक हा खरं तर ग्रेव्हिलियाच आहे, मूळ इथलाच. सकाळी ऊन अंगावर यायला लागतं तेव्हापासून पुढचे दोन तास सगळ्यात चांगले. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहायचं, कारण समोर ऊन असेल तर सगळेच हनीईटर काळे दिसतात आणि मग चेहऱ्यावरचं काहीही कळत नाही. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते, त्याहून जास्त मोठं दाखवणारी घेतली तर हात हलतो आणि हे पक्षी एका जागी बसतच नाहीत.

झाडावरून अंदाजपण बांधता येतो. नदीकाठच्या मोठ्या रिव्हर रेड गमच्या झाडांवर छोटासा पिवळट पक्षी सतत बोलत असेल तर तो व्हाइट-प्लूम्ड हनीईटर असण्याची शक्यता खूप. अंगणातल्या कोरियावर एकटा, लांब चोचीचा, अधूनमधून हवेतच थांबून मध पिणारा असेल तर ईस्टर्न स्पाइनबिल.

मग आकार, पण आपल्या मापाने

सेंटिमीटर लक्षात राहत नाहीत, म्हणून मी आईला आपलीच मापं दिली. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा आणि पारव्याएवढा लांब पण सडसडीत.

चिमणीच्या मापात स्पाइनबिल येतो. बुलबुलाच्या मापात न्यू हॉलंड आणि व्हाइट-प्लूम्ड (हा जरा बारीकच). साळुंकीच्या मापात, किंचित मोठा, नॉइझी मायनर. आणि पारव्याच्या लांबीचा रेड वॉटलबर्ड, ३५ सेंटिमीटरच्या आसपास, लांब शेपटीचा, खोकल्यासारखा खरखरीत आवाज करणारा, इतर सगळ्यांना झाडावरून हाकलणारा. एवढ्या चार कप्प्यांत पक्षी टाकता आला की अर्धं काम झालं, कारण प्रत्येक कप्प्यात तुमच्या भागात दोन-चारच जाती असतात.

आता चेहरा, आणि इथेच सगळा वेळ घालवायचा

बहुतेक नवीन लोक अंगाचा रंग बघतात आणि तिथेच अडकतात. हनीईटरांपैकी कितीतरी जाती अंगाने राखाडी-हिरवट-पिवळट अशाच असतात, पुस्तक उघडलं तर पानभर एकसारखे पक्षी. फरक असतो तो चेहऱ्यावर, म्हणजे डोळ्याचा रंग, डोळ्यामागे काय आहे, चोचीच्या कोपऱ्यापासून निघणारी रेघ, आणि मानेच्या बाजूचा ठिपका. म्हणून पक्षी दिसला की दुर्बीण सरळ डोळ्यावर लावायची. पंख, पोट, शेपटी नंतर.

साळुंकी आणि मायनरपासून सुरू करू. साळुंकी अंगाने तपकिरी, डोकं काळं, उडाली की पंखात पांढरे मोठे पट्टे चमकतात, आणि जमिनीवर चालते. मायनर अंगाने राखाडी, कपाळ मात्र पांढरट, डोक्याचा वरचा भाग आणि गाल काळे, छातीवर खवल्यांसारखी नक्षी, पंखात पांढरं काही नाही. आणि मायनर कधी एकटा नसतो, पाच-सात जण मिळून कावळ्याच्या, मांजराच्या, कधी माणसाच्या पण मागे लागतात. ही टोळी एवढी जोरदार आहे की त्यांच्या त्रासाने छोटे पक्षी ती जागाच सोडून जातात, आणि २०१४ मध्ये सरकारने त्यांच्या या दादागिरीला इतर पक्ष्यांवरचा मोठा धोका म्हणून अधिकृत यादीत घातलं. तेव्हा तुमच्या बागेत फक्त मायनर आणि वॉटलबर्डच दिसत असतील, बारीक पक्षी काहीच नसतील, तर तुमच्या डोळ्यांचा दोष नाही, तिथे बाकीचे आता उरलेच नसतील.

न्यू हॉलंड हनीईटर हा सगळ्यात देखणा आणि शिकायला सगळ्यात चांगला. काळा-पांढरा पट्ट्यापट्ट्यांचा, पंखावर आणि शेपटीच्या कडेला गडद पिवळा. पण खरी खूण डोळा, पांढराशुभ्र, काळ्या चेहऱ्यात मोती बसवल्यासारखा. याच्याच जोडीचा व्हाइट-चीक्ड हनीईटर, सिडनी-ब्रिस्बेनच्या किनाऱ्यावरच्या झुडपांत आणि पर्थकडे पण असतो, अंग जवळपास तसंच, पण त्याचा डोळा गडद आणि गालावर मोठाच्या मोठा पांढरा पंखा. न्यू हॉलंडच्या गालावर पांढरं असतं पण छोटे छोटे तुरे. म्हणजे पांढरा डोळा असेल तर न्यू हॉलंड, गडद डोळा आणि मोठा पांढरा गाल असेल तर व्हाइट-चीक्ड. एकच अडचण, न्यू हॉलंडच्या लहान पिल्लांचा डोळा राखाडी असतो आणि अंग तपकिरीकडे झुकलेलं, तेव्हा डोळा पांढरा नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका, गाल बघा.

यात मी एकदा चांगलीच फसले होते ते सांगते. क्रॅनबर्नच्या बोटॅनिक गार्डनमध्ये बँक्सियावर एक न्यू हॉलंडसारखाच पक्षी दिसला पण त्याचं कपाळ पिवळं-केशरी. मी अर्धा तास पुस्तक चाळत बसले, असा पक्षीच कुठे नाही. शेवटी तो माझ्यापासून चार फुटांवर फांदीवर येऊन बसला आणि कपाळ फांदीवर घासायला लागला, तेव्हा दिसलं की ते पराग होते, पिवळी पूड पिसांना चिकटलेली, घासल्यावर खाली काळं पीस. फुलात डोकं खुपसणाऱ्या कुठल्याही पक्ष्याच्या कपाळावर, हनुवटीवर विचित्र पिवळा रंग दिसला तर आधी परागांचा विचार करा. कडा पुसट, दोन्ही बाजूंना असमान असेल तर ते परागच.

रेड वॉटलबर्ड आणि लिटल वॉटलबर्ड. रेडच्या कानाखाली मानेच्या बाजूला लाल मांसाचे लोंबते तुकडे असतात, कोंबड्याच्या गळ्याखाली लोंबतात तसे पण लहान, डोळ्याखाली पांढरा डाग, पोटावर पिवळं, पाय गुलाबी. लिटलला लोंबतं काही नाही, पोट पिवळं नाही, आणि उडाला की पंखात विटकरी रंग दिसतो. आता रेडच्या पिल्लाला ते लाल तुकडे जेमतेम असतात म्हणून त्याला लोक लिटल म्हणतात, तेव्हा उडताना पंख बघा, विटकरी दिसला तरच लिटल.

स्पाइनबिलला चुकायला जागाच नाही, लांब बाकदार सुईसारखी चोच, लाल डोळा, पांढऱ्या गळ्याच्या मधोमध तांबूस-काळा ठिपका, पोट दालचिनीच्या रंगाचं, आणि उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या. मादीचं डोकं जरा राखाडी. पिल्लाला गळ्यावरचा ठिपका नसतो, पण चोच तीच.

पिवळट-राखाडी मंडळी

सगळ्यात जास्त लोक इथे हात टेकतात, म्हणून हे सावकाश वाचा. बहुतेक बुलबुलाएवढे किंवा त्याहून बारीक, सगळे हिरवट-राखाडी, सगळे एका फांदीवर दोन सेकंद बसणारे. यात फक्त एक प्रश्न विचारायचा, डोळ्याच्या मागे-खाली काय आहे.

मानेच्या बाजूला एकच पांढरी रेघ, ब्रशने ओढल्यासारखी, तिच्या वरच्या कडेला बारीक काळी किनार, चेहरा पिवळसर: व्हाइट-प्लूम्ड. डोळ्याखालून जाणारा पिवळा पट्टा आणि त्याला वर-खाली काळी किनार, म्हणजे काळा-पिवळा-काळा: यलो-फेस्ड. चोचीपासून डोळ्यातून मानेपर्यंत जाड काळा पट्टा, त्याच्या खाली पिवळी रेघ: सिंगिंग हनीईटर. हा पॉइंट कुक, वेरिबीकडे समुद्राजवळच्या झुडपांत मिळतो, तिकडे आपली बरीच मराठी घरं आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय. त्याच भागात गुलाबी चोच, टोक काळं, गळा जर्दाळूच्या रंगाचा असा दिसला तर तो स्पाइनी-चीक्ड, त्याचा आवाज बाटलीतून पाणी ओतल्यासारखा गुळगुळ येतो, एकदा ऐकला की विसरत नाही.

सिडनी-ब्रिस्बेनकडे यात लुइन्स हनीईटर येतो, गडद हिरवा, कानावर फिकट पिवळी चंद्रकोर, चोचीच्या कोपऱ्यातून पांढरट रेघ. त्याच्याकडे बघण्यापेक्षा ऐका, मशीनगन सुरू केल्यासारखी एका सुरात तडतड असते. क्वीन्सलँडच्या उत्तरेच्या पावसाळी जंगलात असेच कानावर पिवळा ठिपका असलेले आणखी एक-दोन आहेत, तिथे नुसत्या दिसण्यावरून नाव लिहू नका, आवाज ऐकल्याशिवाय तिथले अनुभवी लोकपण लिहीत नाहीत.

आणि एक बाहेरचा, सिल्व्हरआय, डोळ्याभोवती पांढरं कडं. हा हनीईटर नाही, आपल्या चष्मेवाल्याचा भाऊ आहे. फुलांवर येतो, हिरवट आहे, म्हणून हनीईटरांच्या यादीत चुकून जातो.

काळ्या डोक्याचे छोटे हिरवट पक्षी झाडाच्या शेंड्याला टोळीने फिरताना दिसले तर ती वेगळी शाखा. व्हाइट-नेप्डच्या डोळ्यावर लाल-केशरी कोर असते आणि मानेवरचा पांढरा पट्टा डोळ्यापर्यंत पोचत नाही. उत्तरेकडच्या व्हाइट-थ्रोटेडचा तो पट्टा डोळ्यापर्यंत पोचतो आणि हनुवटी पांढरी असते. खालून मान वर करून बघताना हनुवटीच आधी दिसते, तेव्हा तिथूनच ठरवा.

आवाज

मी आवाज शिकायला फार उशीर केला, तुम्ही करू नका. आठवड्याला एक आवाज पुरे. व्हाइट-प्लूम्ड "चिक-ओ-वी" म्हणतो, यलो-फेस्ड "चिकप, चिकप", क्रेसेंट हनीईटर चक्क "ई-जिप्ट" म्हणतो, रेड वॉटलबर्ड घसा खाकरल्यासारखा "चॉक", स्पाइनबिल एका दमात भराभर शिट्टी. डँडेनाँगच्या ओढ्यांजवळ सगळ्या बाजूंनी देवघरातली छोटी घंटी वाजवल्यासारखं "टिंग, टिंग" ऐकू आलं तर तो बेल मायनर, हिरवट, पिवळी-केशरी चोच, डोळ्यामागे केशरी चामडी. दिसेपर्यंत मान दुखते पण आवाजावरून शंभर टक्के. पानांवरच्या लर्पच्या किड्यांवर यांची वस्ती जगते आणि ती जागा हे कोणाला देत नाहीत.

आणखी एक, न्यू हॉलंड सगळे एकदम जोरात तारस्वरात ओरडायला लागले तर झाड सोडून आभाळाकडे बघा, बहुतेक वेळा वर ससाणा असतो.

महिना बघा

यलो-फेस्ड आणि व्हाइट-नेप्ड एप्रिल-मे मध्ये थव्यांनी उत्तरेकडे निघतात, कॅनबेरा आणि ब्लू माउंटन्सच्या बाजूला तर सकाळी डोक्यावरून लहान लहान टोळ्या जाताना मोजता येतात. स्पाइनबिल आणि क्रेसेंट थंडीत डोंगरावरून खाली येतात, म्हणून आमच्या अंगणात ते जून-जुलैतच जास्त दिसतात. कधी उलटंपण होतं, २०१७ च्या वसंतात पूर्व किनाऱ्यावरचे स्कार्लेट हनीईटर मोठ्या संख्येने मेलबर्नपर्यंत आले, नर लालभडक, शिंजिराएवढा. म्हणजे यादीत नाही म्हणून डोळ्यांवर अविश्वास नको, पण आधी मिस्टलेटोबर्ड नाही ना ते तपासा, त्याचा गळा लाल पण पाठ निळी-काळी आणि चोच आखूड.

दुसऱ्या शहरांतले, थोडक्यात

ब्रिस्बेनला ब्लू-फेस्ड, डोळ्याभोवती निळी चामडी, पिल्लांची तीच चामडी पिवळट-हिरवी असते, केळीच्या बागांत येतो म्हणून तिकडे त्याला बनाना बर्ड पण म्हणतात. फ्रायरबर्ड म्हणजे चेहऱ्यावर उघडी चामडी, सगळं डोकं काळं टकलं आणि चोचीवर गाठ असेल तर नॉइझी, गाठ नसेल आणि फक्त डोळ्याखाली निळसर चामडी असेल तर लिटल. पर्थला नॉइझी मायनर नाहीच, तिथे सिंगिंग, ब्राऊन आणि वेस्टर्न स्पाइनबिल शिका. टास्मानियात चार हनीईटर असे आहेत जे जगात दुसरीकडे कुठे नाहीत, त्यातला यलो वॉटलबर्ड सगळ्या हनीईटरांत मोठा. ऑकलंडवाल्यांचा टुई, गळ्यावर दोन पांढरे गोंडे असलेला, तोही याच कुटुंबातला.

वही आणि अंगण

फोटो काढायचा असेल तर एकामागून एक दहा काढा, त्यातल्या एकात तरी डोळा येतो. पण फोटोआधी वहीत चार शब्द लिहा: डोळा, डोळ्यामागे, पंखात पिवळं आहे की नाही, झाड. पुस्तक नंतर उघडायचं. आधी उघडलं की पुस्तकातलं चित्र डोळ्यांत बसतं आणि मग आपण पाहिलेलं न पाहिलेलं सगळं एक होतं. नोंद ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाका, आणि ऑक्टोबरमध्ये देशभर ऑसी बर्ड काउंट म्हणजे पक्षीगणना असते त्यात वीस मिनिटं द्या, घरातल्या लहान मुलांना घेऊन करण्यासारखं आहे.

मध किंवा साखरेचं पाणी ठेवू नका, त्याने पक्षी आजारी पडतात. पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि झाडं लावा, पण नर्सरीत मिळणारे मोठमोठ्या फुलांचे संकरित ग्रेव्हिलिया टाळा, त्यावर मायनर आणि वॉटलबर्ड ठाण मांडतात आणि बारीक पक्ष्यांना जवळ येऊ देत नाहीत. बारीक फुलांची, दाट, काटेरी झुडपं लावा, त्यात स्पाइनबिलला लपता येतं.

दोन पक्षी, जे दिसले तर लगेच कळवायचे

हेल्मेटेड हनीईटर १९७१ पासून व्हिक्टोरिया राज्याचा पक्षी आहे, डोक्यावर पिवळा शिरपेच, चेहरा काळा, कानाजवळ पिवळा तुरा. मेलबर्नच्या पूर्वेला येलिंगबोच्या आसपास थोडेसे उरलेत आणि हील्सव्हिलच्या प्राणी अभयारण्यात त्यांची पैदास करून सोडतात.

दुसरा रीजंट हनीईटर. डोकं आणि मान काळी, डोळ्याभोवती खरबरीत उघडी चामडी, छातीवर फिकट खवले, पंख आणि शेपटी सोनेरी पिवळी. जंगलात काहीशेच उरलेत. इतके विखुरलेत की लहान नरांना गाणं शिकवायला मोठे नर जवळ नसतात, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर काही नर दुसऱ्याच जातींची गाणी गाताना आढळले. म्हणून आवाजावर विसंबू नका, दुसऱ्या पक्ष्याचा आवाज येईल आणि फांदीवर रीजंट असेल. आणि मोबाईलवर त्याचं गाणं अजिबात वाजवू नका, आधीच जोडीदार मिळत नाही, त्यात खोट्या आवाजामागे त्याचा वेळ आणि ताकद जाते. पक्षी पैदास केंद्रातून सोडलेला असेल तर पायात रंगीत कडी असतात. लांबूनच पायांचा फोटो घ्या, पक्ष्याचा डावा पाय कुठला आणि उजवा कुठला ते वहीत लिहा (तुमचा डावा नव्हे, त्याचा), प्रत्येक पायावरचे रंग वरून खाली याच क्रमाने, शेजारी झाड, वेळ आणि तो एकटा होता की जोडीने होता ते.